काचेतील समुद्राचा जमाखर्च

पोवळे म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना सराफाच्या दुकानातील तांबडा खडा आठवतो. पत्रिकेतील मंगळ शांत व्हावा म्हणून तो अंगठीत बसवून घेण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. हे दागिन्याचे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातून येते. ते दगड आहे की वनस्पती, यावर युरोपातील पंडितांनी दीर्घकाळ वाद घातला. अठराव्या शतकात पेसोनेल नावाच्या फ्रेंच वैद्याने तो प्राणी आहे असे सांगितले, तेव्हा पॅरिसच्या विद्वानांनी त्याचे म्हणणे मनावर घेतले नाही. पेसोनेलचेच म्हणणे पुढे खरे ठरले.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र अंगठीतील पोवळे नसून त्याचे उष्ण कटिबंधातील भाऊबंद, म्हणजे खडक रचणारी प्रवाळे, हा आहे. ज्यांनी लक्षद्वीपची बेटे उभारली, ते हे जीव. समुद्रापासून शेकडो मैल दूर, दिवाणखान्यातील काचेच्या टाकीत ही प्रवाळे जिवंत ठेवणारी आणि वाढवणारी माणसे आज जगात पुष्कळ आहेत. मी कलाशाखेचा विद्यार्थी. रसायनशास्त्राशी माझा संबंध शालान्त परीक्षेबरोबरच संपला होता. परंतु माझे मामा नोकरीनिमित्त जर्मनीत राहतात. त्यांच्या घरी अशी तीनशे लिटरची टाकी आहे, आणि दोन सुट्ट्यांत तिची देखभाल मला जवळून पाहावयास मिळाली. त्यातून एक गोष्ट मनावर ठसली. प्रवाळ सांभाळणे म्हणजे माशांना खाणे टाकणे नव्हे. ते पाण्याचा हिशेब ठेवणे आहे. हा हिशेब कलाशाखेच्या वाचकालाही समजण्याजोगा आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

लंडनमधील एक मोलकरीण

काचपात्रात समुद्र सांभाळण्याचा एक अगदी आरंभीचा यशस्वी प्रयोग एका स्त्रीने केला. १८४६ साली अ‍ॅना थिन या बाईंनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की येथून काही कठीण प्रवाळे लंडनला आणली. तेथील प्रवाळे लहान व एकटी राहणारी. खडक रचणारी नव्हेत. पण ती जगवायची तर ताजे समुद्रजल हवे, आणि लंडनमध्ये ते रोज कोठून आणणार? बाईंनी असलेलेच पाणी पुन्हा वापरण्याचे ठरवले. त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे. त्यामुळे हवा पाण्यात मिसळे. पुढील वर्षी त्यांनी पात्रात समुद्रशैवाल ठेवले आणि प्राणवायूचा भार वनस्पतीवर सोपवला. अशा रीतीने त्यांनी ही प्रवाळे सुमारे तीन वर्षे जगवली.

आज मोलकरणीची जागा विजेच्या पंपाने घेतली आहे. परंतु मूळ प्रश्न तोच आहे. खऱ्या समुद्रात प्रवाळाने पाण्यातून काही घेतले तर मागे अथांग साठा असतो. त्याने काही घाण टाकली तर ती वाहून नेण्यास लाटा असतात. तीनशे लिटरच्या मागे साठाही नाही आणि लाटाही नाहीत. जे कमी होईल ते माणसाने भरावयाचे आणि जे साचेल ते माणसाने काढावयाचे, असा हा व्यवहार आहे.

आधी खारेपणा

या व्यवहाराची पहिली बाब म्हणजे खारेपणा. सामान्यतः एक किलो समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. येथे निसर्गाने आपल्यावर एक मोठा उपकार केला आहे. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ या इंग्रजी जहाजाने जगाच्या महासागरांची सफर केली. त्या सफरीत गोळा केलेले पाण्याचे ७७ नमुने डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ साली आपले निष्कर्ष मांडले. समुद्र कमी खारा असो वा जास्त, त्यातील मुख्य क्षारांचे परस्परांशी प्रमाण जवळजवळ सारखेच असते, असे त्यावरून दिसून आले. म्हणून कृत्रिम समुद्रजलाचे तयार मीठ शुद्ध पाण्यात विरघळवून खारेपणा बरोबर आणला की बाकीचे मुख्य घटक आपोआप आपापल्या जागी येतात. येथे शुद्ध पाणी म्हणजे आरओ यंत्रातून काढलेले पाणी. नळाच्या पाण्यातील क्लोरीन, तांबे आणि फॉस्फेट प्रवाळाला घातक ठरतात.

पुढे मात्र रोज एक काम लागते. आमटी आटली की खारट होते, हे आपण जाणतोच. टाकीतील पाणीही रोज आटते. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहते. म्हणून भर घालावयाची ती गोड्या पाण्याची. मामांच्या टाकीत रोज तीन ते चार लिटर पाणी आटत असे.

मोठी तिजोरी आणि लहान पाकीट

आता मुख्य विषयाकडे वळू. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीच्याच जातीच्या पदार्थाचा असतो. त्यासाठी दोन वस्तू लागतात, एक कॅल्शियम आणि दुसरी कार्बोनेट. समुद्रात कार्बोनेट बहुतांशी बायकार्बोनेटच्या रूपात असते, आणि त्याचा साठा ज्या मापाने कळतो त्याला अल्कता म्हणतात. पाण्यात आम्ल टाकत गेल्यास ते किती आम्ल पचवते, हे अल्कता सांगते. मोजण्याची रीत सोपी आहे. नळीत पाच मिलिलिटर पाणी घ्यावयाचे आणि त्यात रंगदर्शक आम्लाचे थेंब मोजून टाकावयाचे. निळे पाणी ज्या थेंबाला पिवळे होईल तितके अंश अल्कता. हे अंश ‘जर्मन अंश’ या नावाने ओळखले जातात.

नैसर्गिक समुद्रजलात कॅल्शियम एका लिटरमध्ये सुमारे ४१० ते ४२० मिलिग्रॅम असते, तर अल्कता साडेसहा ते सात अंश. आकड्यांकडे नुसते पाहून दोहोंची योग्यता कळत नाही. प्रवाळाने २.८ अंश अल्कता खर्च केली की त्याबरोबर लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम खर्च होते. म्हणजे अल्कतेचा साठा चाळीस टक्क्यांनी घटतो तेव्हा कॅल्शियमचा साठा पाच टक्क्यांनीही घटलेला नसतो. कॅल्शियम ही मोठी तिजोरी आहे आणि अल्कता हे लहान पाकीट. दोहोंतून खर्च एकाच वेळी होतो. पण रिकामे होते ते पाकीट. नवशिके लोक कॅल्शियमची चाचणी करतात, आकडा जवळजवळ तोच पाहून निश्चिंत होतात, आणि इकडे प्रवाळाची वाढ खुंटलेली असते. जाणता माणूस अल्कता आधी मोजतो, आणि रोज एकाच वेळेला मोजतो.

रोजचा खर्च किती, हे काढण्याची युक्तीही साधी आहे. एक दिवस वरून काहीही घालावयाचे नाही. आज सकाळी आठ अंश आणि उद्या सकाळी सात अंश भरले, तर खर्च एक अंश. तीनशे लिटरमध्ये एक अंश म्हणजे सुमारे साडेपाच ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु वर्षाला तो दोन किलोंच्या घरात जातो. एका टेबलाएवढ्या टाकीतील बोटभर प्रवाळे वर्षाकाठी दोन किलो दगड घडवतात, हे कळल्यावर लक्षद्वीपची बेटे कशी उभी राहिली याचे नवल निम्म्याने कमी होते आणि निम्म्याने वाढते!

तिसरा घटक मॅग्नेशियम. तो लिटरमागे सुमारे १३०० मिलिग्रॅम असतो. उष्ण समुद्राच्या वरच्या थरात कॅल्शियम कार्बोनेट इतके असते की ते पाणी अतिसंपृक्त म्हणावे लागते. मग ते साखरेच्या घट्ट पाकासारखे आपण होऊन गोठत का नाही? याचे एक मोठे कारण मॅग्नेशियम. चुनखडीचा बारीक स्फटिक वाढू लागला की मॅग्नेशियम त्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसते आणि पुढची वाढ अडवते. मॅग्नेशियम कमी पडले, तर घातलेले कॅल्शियम आणि अल्कता प्रवाळाला मिळण्याऐवजी पंपावर आणि तापकाच्या कांडीवर पांढरे पुट होऊन बसतात. म्हणून पाणी बिघडले असता आधी मॅग्नेशियम ठीक करावे आणि मगच बाकीच्या दोहोंकडे वळावे, असा क्रम आहे.

चुन्याची निवळी

हा खर्च भरून कसा काढावयाचा? याचे एक उत्तर आपल्या घरातच आहे. १९७० च्या दशकात पेटर विल्केन्स या तज्ज्ञाने जो उपाय जर्मन भाषकांत रूढ केला, तो म्हणजे चुन्याची निवळी! मामांनी पहिल्यांदा तो जर्मन शब्द सांगितला तेव्हा मला काही बोध झाला नाही. पण बरणीच्या तळाशी बसलेला पांढरा साका आणि वरचे नितळ पाणी पाहताच आजीच्या पानाच्या डब्यातील चुना आठवला. कोकणात शिंपले भाजून जो चुना करीत, तोही रसायनाच्या दृष्टीने याच कुळातला. टाकीसाठी अर्थात शुद्ध चुना वापरावा लागतो.

एक लिटर पाण्यात दीड ग्रॅमच्या आसपास चुना विरघळतो. बाकी तळाशी बसतो. वरची निवळी घेऊन ती आटलेल्या पाण्याच्या जागी थेंबथेंब सोडावयाची. तिच्यातून कॅल्शियम मिळते. आणि तिचा तीव्र अल्कधर्म हवेतून आलेल्या कार्बन डायऑक्साइडला बांधून बायकार्बोनेट तयार करतो. म्हणजे सांगाड्याला ज्या प्रमाणात दोन्ही वस्तू लागतात, त्याच प्रमाणात त्या मिळतात. वर सांगितलेला रोजचा एक अंशाचा खर्च सुमारे तीन लिटर संपृक्त निवळीने भागतो; आणि आटणारे पाणीही तेवढेच असते. इतका नेमका मेळ प्रत्येक घरी बसतोच असे नाही. निवळी कधीही एकदम ओतू नये. तिचा सामू (पी.एच.) बाराच्या वर असतो.

प्रवाळे मोठी होऊन खर्च वाढला की निवळी पुरत नाही. मग दोन बाटल्यांची पद्धत येते. एका बाटलीत कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण आणि दुसरीत आपला खाण्याचा सोडा. रोजच्या एका अंशासाठी तीनशे लिटरला सुमारे नऊ ग्रॅम सोडा लागतो. ही दोन द्रावणे टाकीबाहेर एकत्र केली तर क्षणात पांढरा साका खाली बसतो. म्हणून ती वेगवेगळ्या वेळी, वाहत्या पाण्यात सोडावयाची. तिसरी पद्धत मोठ्या टाक्यांची. प्रवाळाच्या जुन्या सांगाड्याचा चुरा एका नळकांड्यात भरतात आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड मिसळलेले पाणी फिरवतात. आम्लामुळे चुरा हळूहळू विरघळतो आणि मेलेल्या प्रवाळाचे हाड जिवंत प्रवाळाच्या कामी येते.

दिवस, रात्र आणि खिडकी

सामूचा आकडा समुद्रात सुमारे ८.१ असतो. टाकीत तो दिवसरात्र हेलकावे खातो. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. दिवसा ते प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करते, त्यातील मोठा वाटा प्रवाळाला देते, आणि पाण्यातील कार्बन डायऑक्साइड वापरते. म्हणून सामू चढतो. रात्री सर्वांचाच श्वास चालू असतो, पण अन्ननिर्मिती बंद. म्हणून सामू उतरतो. चुन्याची निवळी रात्री सोडण्याची रीत पडली ती यासाठीच.

जर्मनीतील हिवाळ्यात घरे गच्च बंद असतात. माणसांच्या श्वासाने आणि स्वयंपाकाने खोलीतील कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो पाण्यात उतरतो, आणि सामू ७.८ पर्यंत घसरतो. अशा वेळी बाजारातील सामू वाढवण्याच्या पुड्या आणून टाकल्या तर अल्कता भलतीकडेच जाते. मामा काय करीत? खिडकी उघडत. तासा-दोन तासांत आकडा वर सरके. अ‍ॅना थिन यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशीच उभी राहत असे, हे येथे ध्यानात घ्यावे.

गुऱ्हाळातील मळी

आतापर्यंत खर्चाची बाजू झाली. आता साचण्याची. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया निघतो. तो विषारी आहे. जिवाणूंचा एक वर्ग त्याचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्रेट. सच्छिद्र दगडांच्या आत, जेथे प्राणवायू पोहोचत नाही, तेथील जिवाणू नायट्रेटपासून नायट्रोजन वायू करून तो हवेत सोडतात. या दगडांवर भिस्त ठेवणाऱ्या रीतीला बर्लिन पद्धत म्हणतात. तिचे दुसरे अंग म्हणजे फेस काढण्याचे यंत्र. उंच नळीत हवेचे अतिशय बारीक बुडबुडे सोडले की पाण्यातील सेंद्रिय मळ बुडबुड्यांना चिकटून फेसाच्या रूपाने वर येतो आणि वरच्या वाटीत जमतो. ज्यांनी गुऱ्हाळात उकळत्या रसावरची मळी काढताना पाहिली आहे, त्यांना याहून अधिक सांगणे नको. रंग आणि वास यांत मात्र फार फरक आहे!

पाणी जितके निर्मळ तितके प्रवाळ सुखी, असे पूर्वी समजत. फॉस्फेट फार झाले तर सांगाडा बनण्यात अडथळा येतो आणि शेवाळ माजते, हे खरेच. पण ते शून्यावर आणणेही घातक आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, विडेनमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेटची उपासमार अशा पाण्यातील प्रवाळे ऊन व उष्णता यांमुळे लवकर पांढरी पडतात असे दाखवले. म्हणजे येथेही प्रश्न प्रमाणाचा आहे. थोडे हवे, आणि दोन्ही हवे.

स्थैर्याची किंमत

पाणी समुद्रासारखे असावे, यापेक्षाही ते कालच्यासारखे असावे, हे एका प्रसंगाने मला कळले. मामांचे नेहमीचे मीठ त्या आठवड्यात मिळाले नाही, म्हणून दुसऱ्या एका कंपनीचे आणले. खारेपणा बरोबर जुळवला, उष्णता जुळवली आणि टाकीतील निम्मे पाणी बदलले. संध्याकाळी अल्कता मोजली तर साडेसातवरून पावणेदहा! नव्या मिठाचे पाणीच बारा अंशांचे होते. पावणेदहा हा आकडा काही मुळात विषारी नव्हे. अनेक टाक्या त्यावर सुखाने चालतात. पण ही उडी एका तासात झाली होती, आणि टाकीत पोषणद्रव्ये जवळजवळ नव्हती. आठवड्याच्या आत शिंगासारख्या फांद्यांच्या प्रवाळांची टोके पांढरी झाली. पाचांपैकी दोन गेली.

अशा वेळी हात शिवशिवतात. आम्ल घालून अल्कता उतरवावी असे कोणालाही वाटेल. मामांनी तसे केले नाही. त्यांनी दोन्ही बाटल्या बंद ठेवल्या, प्रवाळांच्या रोजच्या खर्चानेच पाकीट हलके होऊ दिले, आणि अल्कता आठवर आल्यावर पुन्हा मापाने सुरुवात केली. ‘वाईट गोष्टी टाकीत झटपट होतात, चांगल्या गोष्टींना महिने लागतात,’ असे ते म्हणत. उरलेल्या तीन प्रवाळांनी नवी टोके धरायला अडीच महिने घेतले.

समुद्राचा हिशेब

हा सगळा खटाटोप श्रीमंतांचा शौक आहे, त्याचे आपल्याला काय, असा प्रश्न विचारणे रास्त आहे. भारतात तर तो शौक करणे योग्यही नाही. खडक रचणारी सर्व प्रवाळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. समुद्रातून ती काढणे हा गुन्हा आहे. जर्मनीतही मामांकडील बहुतेक प्रवाळे समुद्रातून आलेली नव्हती. हौशी लोक फांदी तोडून कलम करतात आणि एकमेकांस देतात, तशी ती होती.

परंतु टाकीने शिकवलेले रसायन समुद्रालाही लागू आहे. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात ‘बायोस्फिअर २’ नावाची एक प्रचंड काचेची वास्तू आहे. तेथे सुमारे सव्वीस लाख लिटरचा कृत्रिम समुद्र प्रवाळांसह वसवला होता. १९९१ साली आठ माणसे आत राहावयास गेली आणि दारे बंद झाली. आतील हवेत कार्बन डायऑक्साइड इतका वाढला की समुद्राचा सामू टिकवण्यासाठी त्यात सोड्याच्या जातीचे क्षार घालावे लागले. पुढे ख्रिस लँग्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच पाण्यात प्रयोग केले. कॅल्शियम कार्बोनेटच्या संपृक्ततेचे प्रमाण घटले की प्रवाळभित्तीची वाढ त्याबरोबर घटते, असे त्यांनी २००० साली दाखवून दिले.

येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाचा भेद आहे. टाकीत प्रवाळे खर्च करतात म्हणून अल्कता घटते. महासागरात मात्र पाकिटातील रक्कम जवळजवळ तेवढीच आहे. बदलले आहे ते नाणे. आपण जाळलेल्या कोळशाचा आणि तेलाचा कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरतो आणि कार्बोनेटचे बायकार्बोनेट करतो. अल्कता मोजली तर काहीच कळणार नाही. पण सांगाड्याला लागणारे कार्बोनेट कमी झालेले असते. औद्योगिक युगापूर्वी सुमारे ८.२ असलेला समुद्राचा सामू आता ८.१ च्या आसपास आला आहे. फरक एक दशांशाचा दिसतो, पण हे माप दहाच्या पटीत चालते. म्हणून आम्लता पाव हिश्शाहून अधिक वाढली असा त्याचा अर्थ. त्यात उष्णतेची भर. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी लक्षद्वीपची प्रवाळे मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. मामांच्या टाकीत खिडकी उघडता येते. समुद्राला उघडावयास दुसरी खिडकी नाही.

आपल्या महाराष्ट्रातही प्रवाळे आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते. मालवणच्या किनाऱ्याजवळ, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात ती आहेत, आणि १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य घोषित झाले. पुढच्या सहलीत किल्ल्याची तटबंदी पाहताना क्षणभर पाण्याकडेही पाहावे. तेथे पाय देऊ नये, काही उचलू नये. त्या गढूळ पाण्याखाली काही अबोल गवंडी कोणी थेंब मोजून दिलेले नसताना, केवळ समुद्राच्या भरवशावर, आपले काम करीत आहेत. तो भरवसा टिकवण्याचा जमाखर्च मात्र आता आपल्याच वहीत मांडलेला आहे.